मूस गार होईपर्यंत

धाकट्या बहिणीचं लग्न माझ्याआधी झालं, त्या वर्षी मी दहावीला बसले. अक्षरं उशिरा शिकले. वय तिशीला टेकलेलं. दादाने बजावलं होतं, "यंदा पास झालीस तर पुढे शीक. नाहीतर मी ठरवीन तिथे मुकाट्याने लग्न करायचं."

रसायनाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत माझ्या जोडीला आमच्याच प्रौढवर्गातला एक घड्याळजी आला. तोवर आम्ही कधी बोललो नव्हतो.

मोरचुदाच्या निळ्या खड्यांत पाणी दडलेलं असतं. ते किती, हे शोधायचं होतं. कण मोजून होत नाहीत, म्हणून वजन करायचं. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे कणांचा एक ठरलेला, अफाट ढीग. कोरड्या मोरचुदाचा मोल भरतो एकशे साठ ग्रॅम, पाण्याचा अठरा.

अडीच ग्रॅम खडे मुशीत तापवले. निळा रंग उडाला, पांढरी पूड उरली. मी लगेच मूस तराजूवर ठेवली आणि हिशेब केला.

"पुडीच्या एका मोलाला पाण्याचे सव्वापाच."

"सव्वा? हा पाव कण कुणाच्या माहेरचा?" तो हसला. "गरम भांडं हलकं भरतं. झाकण लावा, नाहीतर पूड हवेतलं पाणी ओढून घेईल. आणि गार होऊ द्या."

"घंटा होईल!"

"थांबा हो जरा..."

"तिशीपर्यंत थांबलेच आहे. आणखी किती थांबू?"

त्याचे कान लाल झाले. "वर्षभर तुमच्या मागच्या बाकावर बसतोय. फळा कमी पाहिला — वेणीच जास्त."

"मग नापास व्हाल."

"म्हणून निकालाआधीच विचारतो... माझ्याशी लग्न कराल?"

"आधी मूस गार होऊ द्या."

मी बोटाने चाचपलं. गार होती. पूड भरली एक पूर्णांक सहा ग्रॅम, म्हणजे मोलाचा शंभरावा भाग. उडालेलं पाणी शून्य पूर्णांक नऊ ग्रॅम, म्हणजे त्याच्या पाचपट मोल. पाच, नेमके. उत्तर लिहिलं आणि घंटा झाली.

"आणि माझं उत्तर?" त्याने विचारलं.

"निकालाची वाट बघू नका," मी म्हणाले. "रविवारीच दादाला भेटा."

आम्ही दोघेही पास झालो. लग्न झालं, मी पुढेही शिकले. आमच्या थोरल्या मुलीला नोकरी लागली त्या वर्षी, ऐन थंडीत, माझे घड्याळजी हृदयविकाराने वारले.