उस्तादांचा पांढरा सदरा

गाडीतून उतरलेला अग्निशमनचा जवान पाहिला आणि माझा धीरच खचला. काडी पैलवान! तासभर वाट पाहायला लावून यझ्द शहरातून हा पाठवला?

"विहीर कुठेय, खानुम?"

"तुमच्या पायाशी. अजून एक पाऊल टाका, थेट बाबांनाच भेटाल."

तो दचकून मागे सरला... आणि हसला. मला राग आला. त्या हसण्याने मला थोडा धीर आला, त्याचाही राग आला.

माझे बाबा, उस्ताद रजबअली, कनात खोदतात. गावाचं पाणी जमिनीखालून आणणारा तो बोगदा साफ करायला सकाळी या विहिरीतून उतरले आणि छत ढासळलं. रहाटाशी मीच होते. आतापर्यंत हाक मारली की खालून क्षीण ओ येत होती. आता तीही बंद झाली होती.

तो, सियामक त्याचं नाव, कमरेला दोरी बांधू लागला. अंगात गडद निळा गणवेश.

"थांबा! असं नाही उतरायचं." मी बाबांचा दुसरा पांढरा सदरा पुढे केला. "अंधारात हाच दिसतो. आमच्यात पांढऱ्याशिवाय कुणी उतरत नाही."

"आणि वर आलोच नाही तर?"

"तर... कफन वेगळं लागत नाही."

बाहीत घातलेला त्याचा हात क्षणभर थांबला. मग तो माझ्याकडे बघत म्हणाला, "परत आणून देईन. धुऊन."

"इस्त्रीसकट," मी म्हणाले. माझी जीभ म्हणजे ना!

दोरीला एक झटका म्हणजे थांब, दोन म्हणजे वर ओढ. त्याचे दोन सोबती माझ्याबरोबर रहाटाला लागले. दोरी उलगडत गेली... एक झटका. मग पाव तास काहीच नाही. शेवटी दोन झटके आले.

वर आले ते बाबा. मातीने माखलेले, पण श्वास चालू होता. त्याने आपली दोरी सोडून त्यांना बांधली होती.

"नुसत्या हातांनी उकरलं पोराने मला," बाबा पुटपुटले. "तूबा, पोरी, लवकर कर... छत परत ढासळतंय."

दोरी खाली पोचते न पोचते तोच आत धडधड झाली आणि विहिरीच्या तोंडातून धूळ उसळली. दोरी हलेना. सदरा मी दिला होता. माझ्या हातांनी मी त्याला कफन चढवलं होतं. मी पालथी पडून आत ओरडले, "अरे सियामक! सदरा परत द्यायचाय तुला! ऐकतोयस का रे?"

काही नाही.

...आणि मग एक झटका. पाठोपाठ दुसरा.

रहाट फिरवताना तळहात सोलले, ते मला नंतर कळलं. तो वर आला, कडेला आडवा झाला आणि खोकत म्हणाला, "इस्त्री... राहिली." मी सगळ्यांसमोर रडले. इतका शूर माणूस मी पाहिला नव्हता, आणि त्याला मी काडी पैलवान ठरवलं होतं.

शुक्रवारी तो आईला घेऊन मागणी घालायला आमच्या दारात. हातात फुलं, मिठाई आणि तो सदरा, तसाच मळका.

मी चहाचं तबक पुढे केलं. "धुणार होतात ना?"

"विहिरीवर 'अरे' होतं. आज एकदम 'होतात'?"

"विहिरीत अडकलेल्याशी अहो-जाहो कोण करतं?"

बाबा मिशीत हसले. त्याची आई मात्र हसली नाही. "पोरी, याचं काम हे असं. हा परत येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही. नीट विचार करून सांग."

मी तोंड उघडणार तोच त्याचा फोन वाजला. दुसऱ्या गावात घर कोसळलं होतं, आत माणसं होती. त्याच्या आईचा चहा बशीत सांडला. तो उठला, दारापर्यंत गेला आणि त्याने वळून माझ्याकडे पाहिलं.

मी तो मळका सदरा उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"परत आणून द्यायचा," मी म्हणाले. "दर वेळी. कळलं ना रे?"