नंबर आधी सरळ, मग उलटा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आजही नाही. तरीही हे माझ्यासोबत घडलंय. रात्री नाही, भर दुपारी दोन वाजता.

मी मुलीकडे परदेशी गेलो होतो. चार वाजता तिचं सिझेरियन होतं. तिची आई आठ महिन्यांपूर्वी गेलेली. आत नेण्याआधी निदान बाप तरी दिसावा, एवढंच तिचं म्हणणं.

फोनवर तिने दहादा बजावलं होतं.

"बाबा, विमानतळाच्या आतल्या काउंटरवरूनच टॅक्सी घ्या. बाहेर कोणी बॅगेला हात लावला तर द्यायची नाही."

काउंटरपुढे ही भली मोठी रांग. मी वैतागून बाहेर आलो. एकाने बॅग उचलली आणि मी मुकाट त्याच्या मागे निघालो.

बायको असती तर तिने बसूच दिलं नसतं. टॅक्सीत बसताना ती नंबर मोठ्याने वाचायची, इंग्रजी आकड्यांत. आधी सरळ, मग उलटा. तसा पाठ होतो म्हणे. लोक बघायचे.

"अगं, शाळा आहे का ही?" मी चिडायचो.

गाडीत मीटर नव्हता. दहा मिनिटांत वस्ती संपली, गोदामं लागली.

"हॉस्पिटल इकडे आहे?" मी मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"शॉर्टकट, अंकल."

दारं लॉक. फोनला रेंज नाही. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

मग तो सारखा आरशात बघायला लागला...

"बाईंना गप्प बसायला सांगा."

"कोणत्या बाई?"

"तुमच्या शेजारच्या. माझा नंबर का वाचतायत?"

मी शेजारी पाहिलं.

सीटवर फक्त माझी पिशवी होती.

त्याने पुन्हा आरशात पाहिलं.

"आणि... उलटा का वाचतायत?"



त्याने गाडी वळवली. तीन वीसला हॉस्पिटलच्या दारात बॅग टाकली आणि पैसे न घेताच पळाला.

मुलगी भेटली. नात झाली. दोघी सुखरूप आहेत.

दीड वर्ष झालं. आता टॅक्सीत बसलो की पिशवी मांडीवर घेतो, शेजारची जागा रिकामी ठेवतो. रेडिओ बंद करायला लावतो.

काही ऐकू येत नाही.

एकतीस वर्षं माझं डोकं खाल्लं, आणि त्या दिवशी बोलली ती त्या लुच्च्याशी.

घाईघाईत मी एकटाच उतरलो. ती अजून त्याच गाडीत बसून असेल का...

शोधायला जावं, तर नंबर मी बघितलाच नव्हता.