तीन चाकं गरम

पिंकीनं काल संध्याकाळी देवगाव फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानातलं पाण्याचं घमेलं लाथेनं उडवलं होतं. आज सकाळी कोकिळामावशीसोबत त्याच दुकानासमोर उभं राहताना तिला त्याचा जराही पस्तावा नव्हता.

पस्तावा कशाचा? तिच्या अख्ख्या खो-खो संघाची जिल्हा स्पर्धा हुकली होती. संघाला न्यायला बजरंगची भाड्याची जीप शाळेत आठला यायची, ती आली दहाला. तोवर परभणीहून फोन आला, समोरच्या संघाला विजयी धरलं. बजरंग म्हणाला, फाट्यावर चाकात खिळा घुसला, पंक्चरवाल्या सिद्धोधनच्या दुकानापासून पन्नास पावलांवर. मग खिळे कुणी टाकले हे सांगायला ज्योतिषी कशाला लागतो? आज दुपारी गावकरी ते दुकान उचलून फेकणार होते.

कोकिळामावशी परभणीत राहायची आणि गाड्यांच्या अपघातांची खाजगी चौकशी करायची. तिला बोलावलं होतं सिद्धोधनच्या बायकोनं, बबितानं.

"मावशी, तू यांच्या बाजूनं?"

"मी टायराच्या बाजूनं. घमेलं कुणी फोडलं?"

"मी."

"बरं. आता वही धर."

बबिताशेजारी उभा सिद्धोधन खाली बघूनच बोलला. "काल सकाळी मी दुकानात नव्हतोच. हिला घेऊन सेलूच्या दवाखान्यात होतो. दहाला कुलूप काढलं. पर मला इचारलं का कुणी?"

पिंकीनं वहीत लिहिलं, 'खोटं वाटतंय.'

संघाचे शिवप्रसाद सर घरीच भेटले. त्यांनी मोबाइल पुढं केला. बजरंगच्या जीपच्या चारही चाकांना हवा मोजणारी टोपणं बसवलेली होती, आकडे फोनवर दिसायचे. "आठ वाजून पाचला मी फोन केला, तर त्यानं हा फोटो धाडला." मागचं डावं चाक शून्य, बाकीची अडतीस, अडतीस, एकोणचाळीस. "साडेनऊला पुन्हा विचारलं, तर हा दुसरा." आकडे तेच.

"घे, पुरावाच हाय की," पिंकी म्हणाली.

"हो ना. लिहून घे."

बजरंगची जीप काल दुपारपासून त्याच्या दारात उभी होती. मावशीनं स्वतःच्या मीटरनं हवा मोजली. चारही चाकं तेहतीस. मग मागच्या डाव्या चाकाला साबणाचा फेस चोळला. बुडबुडा आला नाही. पंक्चरच्या भोकात ठासून भरतात त्या दोरीचं टोक मात्र सापडलं. मावशीनं त्यावरून अंगठा फिरवला.

"ही दोरी कुणी भरली?"

"मीच," बजरंग म्हणाला. "दुकानाला कुलूप. दीड तास वाट पाह्यली, जागचा हललो न्हाई. शेवटी सोताच भरली."

"त्यानंतर जीप किती पळाली?"

"शाळेत गेली अन् घरी आली. दहा किलोमीटर. का हो ताई, मलाच कोर्टात उभं करायलाय का?"

दुपारी फाट्यावर माणसं जमली, काहींच्या हातात पहारी. मावशी घमेल्याशेजारी उभी राहिली.

"गिऱ्हाईक मिळावं म्हणून खिळे टाकणारा माणूस दुकानाला कुलूप लावून सेलूला जातो? कुलूप होतं, हे बजरंगच सांगतोय."

पिंकीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे तिला का सुचलं नाही?

"आणि ती दोरी. नव्या दोरीची टोकं मिशीसारखी वर राहतात. ही झिजून टायराशी सपाट झालीय. दहा किलोमीटरमध्ये?"

"झिजली आसंल," बजरंग म्हणाला.

"पिंके, आकडे वाच."

"आज तेहतीस. फोटोत अडतीस, अडतीस, एकोणचाळीस." पिंकी अडखळली. "जास्त कशी?"

"टायर पळून तापलं की आतली हवा फुगते. साडेनऊलाही तीन चाकं गरम होती. मार्गशीर्षातली थंडी, आणि म्हणे दीड तास जागची न हललेली जीप."

"मग चौथं शून्य कसं?"

"शून्य हवेवर पळालं असतं तर टायराच्या चिंध्या झाल्या असत्या. टोपण काढून खिशात टाकलं की फोनवर शून्यच दिसतं. दोरी जुन्याच पंक्चरची. कुठं गेला होतास, बजरंग?"

बजरंगनं ओठ चाटले. "मंठ्याला... वऱ्हाड सोडायला. म्हणलं, पटकन येतो."

"आमी गुडघ्याला पट्ट्या बांधून दोन तास पायरीवर बसलो होतो," पिंकी म्हणाली. तिचा आवाज फाटला. "तुमच्या शब्दावर याचं दुकान फोडाय निघालो."

"फोडा रं याची जीप," मागून कुणीतरी ओरडलं. पहारी वळल्या.

"थांबा." सिद्धोधन पहिल्यांदाच मान वर करून बोलला. "मगाशी माझं दुकान, आता त्याची जीप. इचारायचं म्हणलं की तुमची तोंडं बंद, हात मातर लय चालू."

पहारी खाली आल्या. बबिता पिंकीकडं वळली.

"पंक्चर कुठं हाय ते पाण्यात बुडवून बघत्यात, पोरी. तू आधी पाणीच सांडलं."

पिंकीनं घमेलं उचललं आणि हापशावर नेलं. भरलं तर कडेच्या चिरेतून धार लागली. तिनं चिरेवर अंगठा दाबला आणि सगळ्यांच्या मधून, तसंच धरून, दुकानाकडं चालत आली.