पाऊण फेरा

"इकडे पाहू नका, डोळे जातीन!"

कपिल माझ्याशी पहिल्यांदा बोलला तो असा, ओरडून. पुसदला महागाव रोडवर त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. आमच्या होडीची लोखंडी कडी तुटली होती, ती जोडून घ्यायला मी गेले होते. तो काळा मुखवटा लावून वाकलेला, ठिणग्या उडत होत्या, आणि मी आपली खुशाल टक लावून उभी.

"मंग कोणाकडे पाहू?" मी फाडकन विचारलं. माझ्या जिभेला हाड नाही, असं आई म्हणतेच.

त्यानं मुखवटा वर केला. घामानं निथळणारा चेहरा, भुवईपाशी भाजल्याचा छोटा डाग, आणि डोळे... बाई गं! ठिणग्या परवडल्या. नजर आधी मीच खाली घातली, आणि मी अशी कोणापुढे नजर खाली घालत नाही.

"कारागीर इकडे हाय," तो हसला. "थ्याच्याकडे पाहाले मनाई नाही."

कडी जोडून झाली. मी ती ओढून पाहिली, वाकवून पाहिली, शेवटी दगडावर आपटून पाहिली.

"भरोसा नाही का?"

"पाण्यात जाते ते. पाण्यात 'चुकलं बापा' म्हणाले दुसरा मौका भेटत नाही."

तो माझ्याकडे पाहत म्हणाला, "हे खरं बोलल्या तुमी."

आता माझी ओळख सांगते. मी अर्पिता, इसापूर धरणाच्या काठची, भोयाची पोरगी. माझे वडील बापूजी. धरणात कोणी बुडालं की चाळीस गावांतून निरोप यायचा तो त्यांनाच. ना टाकी, ना मुखवटा. नुसता दम धरून ते तळाशी जायचे आणि माणूस घेऊनच वर यायचे. कधी जिवंत, कधी नाही. पण रिकाम्या हातानं बापूजी कधी आले नाहीत. आता त्यांच्या छातीत दम राहिला नाही. त्यांनी ते काम माझ्या हाती दिलं. मुलगा नाही म्हणून नाही हं, मला येतं म्हणून. हे मी ज्याला त्याला सांगते, तुम्हालाही सांगितलं.

आमच्या भागात पोरांचं एक बचाव पथक आहे. नऊ पोरं आणि मी एकटी पोरगी. नौदलातून निवृत्त झालेले धर्मपाल सर आम्हाला शिकवतात. आधी मागून आणलेल्या जुन्या संचांवर शिकलो, तेव्हा सगळ्यांत खोल मीच जायची. मग श्रावणात पथकाला कोरे करकरीत संच आले. नवी टाकी, नवा रेगुलेटर. रेगुलेटर म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा तोंडापर्यंत मापात आणून देणारं यंत्र. दातांत धरायचं आणि श्वास घ्यायचा, बस. सोबत हवा भरायचा मोठा कॉम्प्रेसर आला, आणि तो चालवायला सरांनी माणूस आणला... कोण? तोच.

"अरे! कडीवाल्या बाई!"

"बाई नाही, अर्पिता. टिकली का तुमची कडी हे तरी विचारा."

"मी जोडलेलं तुटत नाही," तो म्हणाला. मला ती ऐट आवडली. खोटं कशाला बोलू?

त्या दिवसापासून माझी टाकी तोच भरायचा, तोच पाठीवर चढवायचा आणि टाकीतून हवा सोडणारा कॉकही तोच खोलायचा. अगदी हळू, जीव लावून.

"मले हात हायेत," मी म्हणायची.

"हायेत ना. पण नवं यंत्र हाय. जिम्मा माझा."

बाकीच्या पोरांचा जिम्मा त्याला आठवत नव्हता. हे माझ्या ध्यानात आलं होतं, आणि मी मुद्दाम काही बोलले नाही. कॉक खोलताना त्याचा श्वास माझ्या कानापाशी यायचा... मी धरणाकडे पाहत उभी राहायची, जसं काही धरण पहिल्यांदाच पाहते आहे.

आणि तिथंच माझं नशीब फिरलं.

काठावर मजेत श्वास यायचा. पाण्यात दहा फुटांपर्यंतही ठीक. पंधरा-वीस फुटांखाली गेलं की हवा अडायची. ओढावं तेवढं कमीच. नळीनं घट्ट पिठलं ओढल्यासारखं वाटायचं. छाती ठोकायला लागायची आणि मी वर यायची. पहिल्या दिवशी आले, दुसऱ्या दिवशी आले, आठवडाभर येत राहिले. सरांनी तोंडातला रबरी तुकडा बदलला. श्वास हलका-जड करायचं बटण फिरवून पाहिलं. नळी तपासली, आत वाळू गेली का पाहिलं. काहीच नाही.

शेवटी सरांनी माझा रेगुलेटर बबलूला दिला. त्यानं तो आपल्या टाकीला जोडला, गेला खाली आणि वीस मिनिटं मजेत फिरून आला.

"येकदम मख्खन हाय सर!" बबलू दात काढत म्हणाला. "यंत्रात काही नाही. बाईमाणूस हाय, खोलात भेवच लागते."

मला! बापूजींच्या पोरीला भेव! माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. पण बोलू काय? रेगुलेटर चांगला होता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चांगला होता.

सर हळूच म्हणाले, "अर्पिता, परवा विसर्जन. हजारो लोक काठावर येतील. उद्या सकाळी शेवटची चाचणी घेऊ. तीस फुटांवरून लाल बादली आणायची. नाही जमलं तर तू वर थांबून दोर धर. त्यात कमीपणा नाही."

कमीपणा कसा नाही? बापूजींच्या नंतर मी, असं गावाला सांगत फिरले होते मी.

कपिल माझ्या मागोमाग होडीपर्यंत आला. "अर्पिता... जबरदस्ती नोको करू. तुले काही झालं तं..."

"तुमालेबी मी भित्री वाटते?"

तो होडीच्या कडीकडे पाहत राहिला. मला त्याचा राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं.

संध्याकाळी बापूजी जाळं विणत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "श्वास अडते तवा तू काय पाह्यते?"

"वर पाह्यते. वर कवा येतो असं होते."

"तिथीच चुकते. जे अडलं, त्याच्याकडे पाह्यत जाय. पाणी खोटं बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी बारीक भुरभुर चालू होती. सगळं पथक काठावर. बापूजी स्वतः येऊन दगडावर बसले होते. कपिलनं नेहमीसारखी माझी टाकी चढवली, हळूच कॉक खोलला.

खाली गेले. वीस फूट. आली ती अडचण. छाती ठोकायला लागली... वर पाहू नको, अर्पिता. जे अडलं त्याच्याकडे पाह्य. टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारं घड्याळ मी हातात धरलं. श्वास ओढला, सुई सर्रकन खाली गेली. सोडला, पुन्हा जागेवर आली. ओढला, खाली. सोडला, वर. टाकी तर भरलेली! सुई माझ्या श्वासाबरोबर नाचत होती.

मी वर आले.

"झालं!" बबलू म्हणाला. "आली परत."

"चूप!" मी तोंडातलं काढून ओरडले. "सर, टाकी भरली हाय, पण मी श्वास ओढला का सुई खाली पडते. दर श्वासाले. टाकीतूनच हवा पुरी येऊन नाही राह्यली."

सर पुढे आले. पण त्यांच्या आधी मला कपिलचा चेहरा दिसला. पांढराफटक. तो स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होता.

त्याला गप्प राहता आलं असतं. माझ्या पाठीशी यायचं, गुपचूप कॉक पूर्ण फिरवायचा, की झालं. कोणाला पत्ता लागला नसता. तो मात्र चालत पाण्यात आला, गुडघाभर, बुटांसकट.

"सर, चूक हिची नाही. रेगुलेटरचीबी नाही. माझी हाय."

त्यानं उजवा हात वर धरला.

"वेल्डिंगच्या गॅसची टाकी आमी पुरी खोलत नाही. पाऊण फेरा, बस. आग लागली तं झटक्यात बंद करता आली पाह्यजे. उस्तादानं मारून मारून शिकवलं. बारा वर्सं झाली, हातालेच सवय हाय. हिचा कॉक मी रोज पाऊणच फेरा खोलून राह्यलतो. काठावर तेवढी हवा पुरते. खोलात पुरत नाही."

सरांनी कपाळाला हात लावला. "अन् मी रेगुलेटर पाहत बसलो! कॉक तपासायला हवा होता, तो मीही तपासला नाही. पण बाकीच्यांना काही झालं नाही ते?"

"थे आपापलाच खोलतात. पुरा."

"मग हिचाच तू का खोलत होतास?"

भुरभुर पडत होती. कपिलचे कान लाल झाले होते. पथकातली नऊ पोरं, सर, माझा बाप, सगळे त्याच्याकडे पाहत होते.

"हिले काही होऊ नये म्हणून," तो म्हणाला.

बबलूनं शिट्टी वाजवली. मी मात्र पेटले होते. "काही होऊ नये म्हणून? माझा जीव घुसमटला आठ दिवस! बापूजीच्या नावाले बट्टा लागून राह्यलता!"

"मालूम हाय. कराले गेलो गणपती अन् झाला मारुती." तो म्हणाला. "म्हणून तं सगळ्याईसमोर सांगतलं. गुपचूप खोलून देल्ला असता तं तू पास झाली असती, पण लोक म्हणले असते, आज कशीबशी धकली. तू घाबरली नव्हती, अर्पिता. येक दिवसबी नाही. एवढ्याशा हवेत रोज वीस फूट जात होती तू."

माझा राग कुठं गेला कोण जाणे. डोळे भरून आले ते मी पाण्यात तोंड बुडवून लपवले.

मग मी मागे हात नेला आणि कॉक स्वतः खोलला. एक फेरा, दोन फेरे, थेट अडेपर्यंत. आणि गेले. वीस फूट, पंचवीस, तीस. श्वास असा येत होता जसा घरात, अंथरुणावर पडल्यावर येतो. सुई जागची हलत नव्हती. लाल बादली गाळात रुतली होती, ती उपसली, आणि घाई न करता, मजेत एक चक्कर मारून वर आले.

बादली मी बबलूच्या हातात दिली. "धर. भेव लागन तं दोन्ही हातानं धर."

बापूजी कधी कोणाची तारीफ करत नाहीत. ते दगडावरून उठले, सरांना म्हणाले, "पोरगी माझी हाय," आणि बिडी शोधायला लागले. मला आणखी काय पाहिजे होतं?

विसर्जनाच्या दिवशी यादीत पहिलं नाव माझं होतं. ढोल-ताशांनी काठ दणाणत होता. कपिल टाकी घेऊन आला, टाकी ठेवली आणि हात मागे बांधून उभा राहिला.

"हात कायले मांगं?"

"सवय वाईट हाय हाताची."

"ऐका. मले काही होऊ नये, असं वाटते ना तुमाले?"

"...हो."

"मंग कॉक मी खोलन. तुमी वर बसून माझे बुडबुडे मोजायचे."

"किती दिवस?"

"मी पाण्यात उतरतो तोवर."

"मंग तं जिंदगी गेली!" तो हसला, आणि एकदम हसू गिळून म्हणाला, "खरं बोलून राह्यली का? पाण्यात दुसरा मौका भेटत नाही म्हणते तू."

"काठावर भेटते," मी म्हणाले. "मले तू आवडते, कपिल. ज्या दिवशी मुखवटा वर केला, त्या दिवसापासून."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "पण बापूजीईले कोण सांगन?"

"मले ऐकू येते," मागून आवाज आला. होडीच्या पलीकडे बापूजी दोर गुंडाळत बसले होते. "दम गेला माझा, कान नाही गेले. चारचौघात आपली चूक सांगते पोरगा. पाण्याच्या घरात असाच माणूस पाह्यजे. आता जाय ना वं, लोकं पाण्यात उतरून राह्यले!"

मी टाकी पाठीवर चढवली, कॉक अडेपर्यंत खोलला आणि पाठ कपिलकडे केली. "तपास."

त्यानं हात लावला, फिरवून पाहिलं. कॉक जागचा हलला नाही.

"पुरा खुला हाय," तो म्हणाला.

मी रेगुलेटर दातांत धरला आणि पाण्यात उतरले.