हस्तिदंती शिंगाचे तोंड

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला बिलगलेल्या किसिवानी बेटावर पहाट फुटत होती. ओहोटीने खारफुटीची मुळे उघडी पडली होती, गलबते चिखलात कलंडली होती, आणि प्रवाळी दगडांच्या ज्या किल्ल्यावर नऊ दिवसांपूर्वी सुलतानाचे निशाण फडकत होते, तिथे आता त्याच्या धाकट्या भावाचे, फुमो हेरीचे, निशाण उभे होते. भावाच्या कबरीवरची माती ओली असतानाच हा आयत्या बिळावरचा नागोबा तख्तावर वेटोळे घालून बसला होता!

तख्ताची खरी वारस, सुलतानाची कन्या म्वाना जाहा, बंदरालगतच्या आपल्या माडीत मूठभर माणसांनिशी वेढ्यात अडकली होती. तिच्या विहिरीत फुमोने मेलेली गुरे टाकली होती.

पण नुसते तख्तावर बसून त्या बेटावर कोणी राजा होत नसे. शिंगाड्यांच्या, म्हणजे शिंग फुंकणाऱ्यांच्या, घराण्यातल्या माणसाने पुरुषभर लांबीचे हस्तिदंती शिंग ज्याच्याकडे तोंड करून फुंकावे, तोच राजा. मग बेटाच्या प्रत्येक शिपायाने शस्त्र खाली ठेवून त्या दिशेला गुडघे टेकायचे. आणि तो राजा जिवंत असेतो दुसऱ्यासाठी शिंग वाजायचे नाही.

त्या घराण्यातला शेवटचा पुरुष, साठीचा शेकुवे, तीन दिवस उपाशी ठेवून फुमोपुढे उभा करण्यात आला.

"म्हाताऱ्या, आज शिंग वाजेल, नाही तर तुझे मुंडके वेशीवर लटकेल."

"हुजुरांची आज्ञा. चौकात वाजवू?"

"चौकात कशाला? बुरुजावरून वाजव! माडीत बसलेल्या त्या पोरीच्या कानठळ्या बसल्या पाहिजेत!"

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! चौकाला चारी बाजूंनी भिंती होत्या; बुरुजावरून सारे बंदर दिसत होते.

शेकुवे पायऱ्या चढला. तो भ्याला होता, साफ भ्याला होता. वर फुमो गालिचावर पाय रोवून उभा होता, खाली तटावर दोनशे शिपाई. दूर माडीच्या गच्चीवर काळ्या वस्त्रातली एकच आकृती होती. ज्या बापाचे मीठ खाल्ले, त्याच्या लेकीला या लांडग्याच्या हवाली करायचे? शेकुवेला फुमोची किळस आली, आणि त्या किळसेपुढे भीती उरली नाही.

त्याने शिंग उचलले, फुमोकडे पाठ केली आणि बंदरालगतच्या माडीकडे तोंड करून छाती फुटेस्तोवर फुंकले.

तटावर शस्त्रे खणखणली. दोनशे शिपाई बंदराच्या दिशेने गुडघ्यांवर बसले.

"हरामखोरा!" फुमोची तलवार शेकुवेच्या मानेत उतरली. "उठा रे! पुन्हा वाजवा! कोणीतरी वाजवा!"

कोणी उठले नाही. उठले तेव्हा त्यांनी फुमोच्याच मुसक्या बांधल्या.

दुपारी म्वाना जाहा किल्ल्याच्या दरवाजाशी आली. तिथे जमलेले बेटाचे पंच बाजूला सरले. त्यांतला थोरला म्हणाला, "आधी आपण, बीबीसाहेब. राजाच्या पुढे कोणी चालत नाही."

"आज चालेल," ती म्हणाली. "शेकुवेचा जनाजा पुढे काढा. आणि पहिला खांदा माझ्या काकांना देऊ द्या. त्यांचे हात तेवढ्यापुरते सोडा, मान मात्र दोरीतच असू द्या."