रणधीरने मायला का हाकललं?

रुचिकाचं आणि भुपेंद्रचं लग्न झालं. जेवणात भरल्या वांग्यांची भाजी होती, ती तीनदा कमी पडली, आणि नवरीच्या बापाने भर मांडवात उभं राहून एक अर्ज वाचून दाखवला.

ही बातमी साफ खोटी आहे. असं काही झालेलं नाही. कुणी पसरवली ते कळलं की सांगू. तूर्त एवढंच खरं धरा, की पौषातली थंडी आहे, मोहाडीचा बाजार भरला आहे, आणि भुपेंद्रला कुणी वांगी विकायला तयार नाही.

“वांगे नाही भेटत तुले,” भाजीवाली चंद्रभागाबाई म्हणाली.

“समोर ढीग पडला आहे ना, मावशी.”

“हाय. पण तुले नाही. मायले थंडीत घराबाहेर काढतो, अन् वर वांगे खातो?”

“मावशी, ते नाटक होतं जी!”

“नाटक होतं म्हणून का झालं? बाई तं खरीच रडत होती.”

दिवाळी सरली की या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, घरोघरी पाहुणे उतरतात आणि रात्रभर नाटक चालतं. कारध्याच्या पोरांनी यंदा ‘मायची वाट, पोराचा घात’ केलं होतं. त्यात दुसऱ्या अंकात म्हाताऱ्या आईला घराबाहेर काढणारा रणधीर म्हणजे हा भुपेंद्र. काम इतकं झकास झालं, की तेव्हापासून त्याला चहाच्या टपरीवर ग्लाससुद्धा आदळूनच मिळत होता.

“द्या त्यांना वांगी,” मागून आवाज आला. “रणधीर वाईट नाही. तो लाजला आहे.”

भुपेंद्रने वळून पाहिलं. हातात पिशवी, गळ्याभोवती मफलर, थंडीने लाल झालेलं नाक, आणि डोळ्यांत निकाल देऊन मोकळं झालेल्या न्यायाधीशाची शांतता. ही रुचिका. मोहाडीत बारावीला मराठी शिकवायची, तासिका तत्त्वावर. ‘व्यक्तिरेखेचे स्वभावचित्रण करा’ या प्रश्नाला वर्गातली सगळी पोरं एकच उत्तर लिहीत — प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी. खुन्यालाही तेच. म्हणून जगातल्या सगळ्या पात्रांची खरी तपासणी आपल्यालाच करावी लागणार, हे तिने कधीच ओळखलं होतं.

“लाजला?” चंद्रभागाबाईने तराजू खाली ठेवला.

“लाजला. आत्याच्या गावची मंडई म्हणून आम्ही घरचे सगळे गेलो होतो, पुढेच बसलो होतो. याने मायला हाकललं खरं. पण हाकलताना तिच्या चपला उचलून तिच्या पायांपुढे सरळ मांडल्या. ज्याला माय नकोच असते तो चपला फेकतो, मावशी. सरळ मांडतो तो… त्याला तिच्या पायात काटा रुतायला नको असतो. धंद्यात बुडाला आहे तो. मायसमोर उभं राहायची लाज वाटते, म्हणून मायलाच समोरून हटवतो.”

भुपेंद्र विचारात पडला. “मॅडम, मी चपला मांडल्या?”

“मांडल्या.”

“वाटेत आल्या असतील जी.”

“आणि ती जाताना तो मान फिरवून उभा राहतो. का?”

“लाईटवाला त्या बाजूने बसला होता. डोळ्यावर झोत येऊन राहिला होता.”

“ते तुमचं कारण झालं,” रुचिका शांतपणे म्हणाली. “मी रणधीरचं सांगते आहे.”

चंद्रभागाबाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, अर्धा किलो वांगी तोलली, त्यातली दोन चांगली काढून घेतली आणि म्हणाली, “लाजेपुरते घेऊन जाय.”

त्यानंतर मोहाडीच्या आसपासचे पाण्याचे पंप अचानक बिघडू लागले. भुपेंद्रचं कारध्याला पंप दुरुस्तीचं दुकान होतं, घरची थोडी धानाची शेती होती. पण आता त्याला वाटे, खरं काम आहे ते इकडेच. आणि हा प्रत्येक पंप, काय योगायोग असेल तो असो, रुचिकाचं कॉलेज सुटायच्या वेळेलाच दुरुस्त होऊन जाई.

मग दोघं तलावाच्या पाळीवर बसत. खाली धानाच्या बांध्यांत लाखोळीच्या पिकाला निळी फुलं आलेली, आणि मधे कागदावर उकडलेल्या शिंगाड्यांचा वाफाळता ढीग. भुपेंद्र शिंगाडे सोलायचा. अख्खे पांढरे निघाले की तिच्या बाजूला सरकवायचा, तुटके स्वतः खायचा. रुचिकाने ते पाहिलं होतं. पण त्याचं तिने विश्लेषण केलं नाही… नुसतीच खात राहिली.

“मागच्या वर्षी काय केलं होतं तुम्ही?” तिने विचारलं.

“भावाचं वावर विकलं.”

“का?”

“नाटकात तसं लिहिलं होतं.”

“भुपेंद्र!”

“बरं… थांबा.” तो गंभीर झाला. आता त्यालाही चटक लागली होती. “लहानपणी बाप त्या भावालेच खांद्यावर बसवत होता. याले कधी नाही.”

“बघा! सुटला तो. त्याच्या आधी?”

“बहिणीचं लग्न मोडलं.”

“तिला सासरी जाऊ द्यायचं नव्हतं. घरात दुसरं बोलायला कोण होतं त्याला? तोही सुटला.”

भुपेंद्रने एक शिंगाडा सोलला. अख्खा निघाला. तो त्याने कागदावर न ठेवता तिच्या तळहातावर ठेवला. बोटं काळी झाली होती, दोघांचीही.

“सगळ्या बदमाशांले सोडून दिलं तुम्ही,” तो म्हणाला. “आता मीच एकटा उरलो.”

“तुमचा गुन्हा काय?”

“अजून केला नाही जी. विचारून करीन म्हणतो.”

रुचिकाने मफलर नाकापर्यंत ओढला. थंडी तेवढी नव्हती.

“करा,” ती मफलरच्या आतून म्हणाली. “पण अर्धा तास आधी घरी कळवा. बाबांना चहा मांडायला सांगते.”

बाबांनी चहा मांडला नाही.

तुलाराम म्हणजे रुचिकाचे बाबा. माणूस सज्जन, धान उत्तम पिकवायचे, आणि नाटकावर जीव. एक मंडई चुकवली नाही त्यांनी आयुष्यात. भुपेंद्रचं नाव निघताच त्यांच्या हातातला अडकित्ता थांबला.

“तो? मायले हाकलणारा?”

“बाबा, ते नाटक होतं.”

“मले माहीत आहे नाटक होतं. मी काय अडाणी आहो का? पण मले सांग, जे पोटात नाही ते तोंडात कसं येते? तीन सालापासून पाहून राहिलो त्याले. बहीण, भाऊ, माय. आता घरात बायकोच उरली. अन् ती तू?”

“मग कसा पाहिजे तुम्हाला?”

“त्याच नाटकातला तो धाकटा भाऊ. वीरेंद्र. कसा मायच्या पाया पडला पोरगा!”

वीरेंद्र झालेल्या नटाचं लग्न होऊन त्याला दोन पोरं होती. तुलारामांच्या मते त्याच्यात तेवढी एकच खोट होती.

आई रुखमिणी चुलीपाशी हसत होती, पण हसून निकाल बदलत नव्हता. घरात बाबांचा शब्द एकदा पडला की पडला. आणि बाबांना दुखवून मांडवात उभी राहणाऱ्यांपैकी रुचिका नव्हती, हे तिला माहीत होतं, भुपेंद्रलाही माहीत होतं. म्हणजे बाबा ‘हो’ म्हणाले तर भुपेंद्र, नाहीतर तलाव, पाळ आणि एकटीने सोललेले शिंगाडे.

दुसरी कुणी असती तर नट वेगळा आणि पात्र वेगळं, हे बाबांना समजावत बसली असती. रुचिकाने तो नाद सोडला. ते समजावणं वैनगंगेला उलटं वाहायला सांगण्यासारखं होतं. त्यापेक्षा सोपं होतं ते रणधीरलाच निर्दोष सोडवणं.

तिने थेट तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष सोमाजी यांना गाठलं. गावात वर्षभर एकही तंटा झाला नव्हता. समिती कंटाळून गेली होती. मागच्या बैठकीत तर दोन सदस्य ‘तंटा का होत नाही’ यावरच भांडले होते. त्यामुळे सोमाजींनी एकच प्रश्न विचारला.

“आरोपी हजर राहीन का?”

“कारध्याहून बोलावते.”

समाजमंदिरात बैठक भरली. सतरंजी, पाण्याचा माठ, अर्धं गाव. बाहेर पायऱ्यांवर चपलांचा खच. तुलाराम फिर्यादी म्हणून उजवीकडे, भुपेंद्र आरोपी म्हणून डावीकडे. मधे रुचिका उभी, जशी वर्गात उभी राहते तशी.

ती बोलली, आणि काय बोलली! रणधीरचा धंदा बुडाला तो प्रसंग, त्याची मान फिरवणं, त्या मांडलेल्या चपला. एकेक पुरावा तिने पुढे ठेवला. मागे बसलेली चंद्रभागाबाई डोळे पुसू लागली. वीरेंद्रचे दोन चाहते फुटून रणधीरच्या बाजूला आले.

“थोडक्यात,” रुचिका म्हणाली, “रणधीरला माय नकोशी नव्हती. स्वतःचं तोंड नकोसं होतं.”

सोमाजींनी तुलारामांकडे पाहिलं. “बोला, तुलारामभाऊ.”

तुलाराम सावकाश उठले.

“पोरगी हुशार आहे माही. पटलं मले. लाज वाटली त्याले. पण लाज वाटत होती तं त्यानं स्वतः निघून जावं ना जी. मायले काहून काढावं?”

माठावरचा ग्लाससुद्धा कुणी उचलेना. सगळ्या बदमाशांना सोडवून आलेली ही मुलगी आयुष्यात पहिल्यांदा निरुत्तर झाली होती, आणि तीही नेमकी आज.

“आरोपीले काही सांगायचं आहे?” सोमाजींनी विचारलं.

रुचिकाने डोळ्यांनीच खुणावलं — गप्प राहा, मी बघते. भुपेंद्र उभा राहिला.

“काकाजी बरोबर म्हणून राहिले,” तो म्हणाला. “मी इतक्या वेळा ते बोललो, पण हे सुचलंच नाही मले. त्यानंच जायला पाहिजे होतं. याले माफी नाही जी.”

वकिलाला न विचारता आरोपीने गुन्हा कबूल केला. समितीने एकमताने रणधीरला दोषी ठरवलं आणि बैठक संपली.

पायऱ्यांवर गर्दी उसळली. चपलांचा खच आणखी विस्कटला. रुचिका गर्दी कापत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“काय केलं तुम्ही हे? मी सांभाळलं असतं ना!”

“तुले तरी काय उत्तर होतं?” तो हळूच म्हणाला. बोलण्याच्या भरात तो पहिल्यांदाच ‘तू’वर आला होता, आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नव्हतं. “खोटं बोलून जिंकू का तुह्या बापाशी? मंग आयुष्यभर त्याहीच्या ताटात जेवू कसा?”

“म्हणजे हरलो आपण.”

“हो. हरलो. मी… मी उद्या पुन्हा येतो. परवाही येतो. पंप बिघडो न बिघडो.”

हे बोलताना तो खाली वाकला होता. ढिगातून त्याने एक जुनी, टाचेला झिजलेली चपलांची जोडी वेगळी काढली, धूळ झटकली, पायरीपुढे सरळ मांडली आणि बोलणं तसंच चालू ठेवलं. नजर सगळा वेळ रुचिकावर.

पायरीवर तुलाराम उभे होते. चपला त्यांच्या होत्या.

“हे काहून केलं?” त्यांनी विचारलं.

“काय जी?”

“चपला.”

“कोणत्या चपला?” भुपेंद्रने खाली पाहिलं. खरोखरच बुचकळ्यात पडून पाहिलं. “ह्या… तुम्ही उतरून राहिले होते ना, काकाजी. म्हणून असतील.”

रुचिकाच्या जिभेवर अख्खं विश्लेषण आलं होतं — हेतू, पुरावे, उपसंहार. तिने ते गिळलं. मफलर वर ओढला.

तुलारामांनी आधी उजवा पाय घातला, मग डावा. दोनदा उगाच पाय आपटून पाहिले, चपला नीट बसल्या की नाही ते. त्या नीट बसल्या होत्या.

“तुही माय कुठं राहते?”

“घरीच जी. आमच्यासंग.”

“आत?”

“आतच जी.”

“मंग घेऊन ये तिले रविवारी,” तुलाराम चालू लागले. “पाहून घेतो मी.”

ते वळणावर गेले, तेव्हा भुपेंद्रने विचारलं, “हे ‘हो’ होतं का?”

“प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी माणसं असंच ‘हो’ म्हणतात,” रुचिका म्हणाली, आणि काळ्या डागांच्या त्याच्या बोटांत आपली बोटं घातली. गर्दीतून चंद्रभागाबाईने पाहिलं असणार, कारण संध्याकाळी रुचिकाच्या घरी दोन किलो वांगी आली, सगळी चांगली.

आता ती सुरुवातीची खोटी बातमी. ती तुलारामांनीच पसरवली, असं आता कळलं आहे; आणि उन्हाळ्यात ती शब्दशः खरीही झाली. आणि मांडवात वाचलेला त्यांचा अर्ज असा होता :

“प्रति, मा. अध्यक्ष, तंटामुक्त गाव समिती.

विषय : घराबाहेर काढलेल्या मातेस घरात घेण्याबाबत.

महोदय, रणधीर नावाच्या इसमाने गेल्या मंडईत, दुसऱ्या अंकात, आपल्या वृद्ध मातेस घराबाहेर काढले. त्यानंतर पडदा पडला, मंडप उठला, भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या. परंतु सदर माता अद्याप बाहेरच आहे. जावईबापूंबद्दल आमची काहीएक तक्रार नाही. मात्र सदर रणधीर त्यांच्यासोबत आमच्या नात्यात येत असल्याने ही बाब कुटुंबास शोभत नाही. तरी सदर मातेस शोधून, थंडी पडण्यापूर्वी, सन्मानाने घरात घेण्यात यावे. आणि ती येईपर्यंत तिच्या चपला उंबऱ्याशी, आतल्या बाजूस तोंड करून, सरळ मांडून ठेवण्याचे आदेश संबंधितांस व्हावेत, ही नम्र विनंती.”