फरशीच्या अलीकडे

पोशीरजवळच्या फरशीपुलावर पाणी घोट्याएवढंच होतं. तरीही आडव्या बांधलेल्या दोरीपाशी ती उभी होती — गळ्यात गावाच्या बचाव पथकाची शिट्टी, गालाला चिकटलेली ओली बट, आणि डोळ्यांत एक विलक्षण, न हलणारी शांतता.

गंधारने मोटारसायकल थांबवली.

“गुरांचा डॉक्टर आहे मी. पलीकडे मोतीबाईंची गाय अडली आहे. सोडा.”

“नाय सोडणार.”

“अहो, घोटाभर तर पाणी...”

“आता हाय. रंग बघा त्याचा. तांबडं झालंय, काटक्या यायला लागल्यात. वर डोंगरात कोसळतोय. थोड्या वेळात इथं कंबरभर व्हईल.”

“पाणी तुमच्याशी बोलतं वाटतं?”

“बोलतं. आनि आयकतंसुद्धा. तुमच्यावानी हट्ट नाय करत.”

एरवी तो हसला असता.

“गाय दगावली, तर मालकिणीला काय सांगाल?”

पावसाची तिरकी सर दोघांमधून निघून गेली.

“मालकीण माझी आई हाय, डॉक्टर. गाय आमचीच. मीच आईला म्हटलं, तुमाला फोन कर... पन तरी नाय सोडणार.”

त्याच वेळी वरून एक खोल, घोगरा आवाज आला, आणि बघता बघता फरशी दिसेनाशी झाली. एक उन्मळलेलं झाड पुलाच्या मधोमध गिरकी घेऊन वाहत गेलं.

गंधारने खिशातून फोन काढला. मोतीबाईंना व्हिडिओ कॉल लागला. पडद्यावर गोठा, कंदिलाएवढे गाईचे डोळे, वासराचा बाहेर आलेला एकच पाय.

“मावशी, हाताला साबण लावा. कळ थांबली की वासराला हलकेच मागे ढकला... आता दुमडलेला पाय चाचपा. खूर मुठीत धरून सरळ करा. घाई नको.”

ती त्याच्या फोनवर आपल्या रेनकोटची बाही धरून उभी होती. स्वतः भिजत. मध्येच शिट्टी फुंकून तिने एक टेंपो मागे वळवला, आणि पुन्हा बाही धरली.

मग फोनमधून वासराची एक बारीकशी शिंक ऐकू आली.

“आलं गं, हर्षे! कालवड हाय!”

हर्षला मटकन दगडावर बसली. तेव्हा गंधारला कळलं, की ती शांतता किती जड होती, आणि तिने ती किती सहज पेलली होती.

“मी पुन्हा येईन,” तो हळूच म्हणाला. “गाय बरी असली तरी.”

“मग कशाला?”

“तुम्हाला... तुला भेटायला.”

तिने तांबड्या पाण्याकडे एकदा पाहिलं.

“पाऊस नसंल तवाच या,” ती म्हणाली. “तुमी वाटेत असलात, तर आता मला पान्याची भीती वाटंल.”